इब्न हजर अस्कलानी वाचायला घेताय? आधी सनदेतली माणसं ओळखायला शिका

हदीस (पैगंबरांचं वचन किंवा कृती), सनद (ती कोणी कोणाकडून ऐकली ती साखळी), रावी (त्या साखळीतला प्रत्येक सांगणारा) एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितोय. बरेच जण उत्साहात थेट इब्न हजरांची फतहुल बारी उघडतात आणि चार पानांत घाबरतात. साहजिक आहे, कारण सहीह बुखारी या हदीससंग्रहावरचं हे भाष्य हिजरी ८१७ ते ८४२ एवढा काळ चाललं होतं, तेही कैरोमध्ये शिकवत आणि मधल्या काळात शाफईंचे (इस्लामी कायद्याच्या एका पंथाचे) मुख्य काझी म्हणून कधी पदावर तर कधी पदाबाहेर राहत. तुमच्याकडून ते एका सेमिस्टरमध्ये होणार नाही, नाही झालं तरी काही बिघडत नाही.

पहिला घोळ त्यांच्याच नावाचा. आपले अस्कलानी, हदीसचे विद्वान, इसवी १३७२ ते १४४९, कैरोचे. दुसरे इब्न हजर हैतमी, सोळाव्या शतकातले, मक्केत राहिलेले. दोघंही शाफई, दोघंही मूळ इजिप्तचे, आणि कोकणी मुसलमान शाफई असल्यामुळे आपल्याकडे दोघांचीही नावं कानावर पडतात, लोक नुसतं 'इब्न हजर' म्हणून मोकळे होतात. वर अस्कलानींचे एक उस्ताद नूरुद्दीन हैसमी, म्हणजे अजून एक जवळचं नाव.

आता खरी अडचण, इथे मी लांबण लावणार कारण माझे सगळ्यात जास्त हाल इथेच झाले. बुखारीची पहिलीच हदीस घ्या, नियतची, म्हणजे हेतूची. हुमैदींनी सुफयानकडून ऐकली, सुफयाननी यह्या इब्न सईद अन्सारींकडून. हे सुफयान कोण? सुफयान सौरी (मृत्यू हिजरी १६१) की सुफयान इब्न उयैना (मृत्यू १९८)? आपण लगेच वर बघतो, उस्ताद कोण ते. पण अन्सारींकडून दोन्ही सुफयान शिकलेत, ही हदीससुद्धा दोघांनी घेतलीय, त्यामुळे वर बघून काही सुटत नाही. खाली बघा, शागिर्द कोण ते. हुमैदी मक्केचे, इब्न उयैनांचे खास शागिर्द, म्हणून इथले सुफयान इब्न उयैनाच. त्यात हुमैदींचं स्वतःचं नाव अब्दुल्ला इब्न जुबैर, आणि याच नावाचे प्रसिद्ध सहाबी (पैगंबरांचे सोबती) हिजरी ७३ मध्येच शहीद झालेत! यह्या इब्न सईदही दोन आहेत, दुसरे कत्तान, तेही १९८ मध्येच वारले, म्हणजे मृत्यूची सालं पाठ करूनही भागत नाही. सुफयानच्या वर यह्या आले तर बहुतेक अन्सारी, खाली आले तर कत्तान. नाव, उस्ताद, शागिर्द, शहर, साल, पाचही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक माणूस चुकला की पुढचा विश्वासार्हतेचा सगळा निकाल चुकीच्या माणसावर बसतो, आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही.

म्हणूनच शॉर्टकट म्हणून तकरीबुत तहजीब हातात देणाऱ्यांचा मला राग येतो. त्यात इब्न हजरांनी एकेका रावीचा निकाल ओळीभरात दिलाय, पण तो सारांशाचाही सारांश आहे: अब्दुल गनी मकदिसींचं अल-कमाल, त्यावरून मिज्जींचं मोठं काम, ते आटोपशीर करून इब्न हजरांचं तहजीबुत तहजीब, आणि मग तकरीब. कोणाबद्दल वाचतोय हेच पक्कं नसेल तर त्या ओळीचा उपयोग काय? सर्च ॲपचंही तेच, 'सुफयान' टाकलं की ढीगभर निकाल.

उस्ताद निवडताना नाव बघू नका, तुमच्यासोबत एक सनद पूर्ण बसून वाचणारा माणूस बघा. खुद्द इब्न हजर लहानपणीच पोरके झाले, एका व्यापाऱ्याने सांभाळलं, आणि हदीसमध्ये ते घडले ते जैनुद्दीन इराकींकडे सुमारे दहा वर्षं बसून. पुढे त्यांच्या मुली प्लेगमध्ये गेल्या, आणि प्लेगवर त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. थकलात की हे आठवा, कामं थांबतात आणि परत सुरू होतात.

सुरुवात इब्न हजरांच्या नुख्बतुल फिकरपासून करा, हदीसशास्त्राच्या परिभाषेवरचं पुस्तक, छोटंसं आहे, त्यावर त्यांचंच भाष्यही आहे. मग बुखारीच्या पहिल्या दहा सनदा वहीत हाताने उतरवा, प्रत्येक रावी स्वतः ओळखा, आणि त्यानंतरच फतहुल बारीत उत्तर तपासा. सालं हिजरीतच लिहा, इसवीत बदलत बसलात तर एका वर्षाच्या फरकाने दोन वेगळी माणसं एक वाटायला लागतील.