पकडींची निवड : या चुका टाळा

पहिली चूक बहुधा दुकानातच होते. सात-आठ पकडींचा संच नगाच्या हिशेबाने स्वस्त पडतो खरा, परंतु घरगुती दुरुस्तीत त्यांतल्या तीन-चारच हातात येतात, आणि सर्क्लिप प्लायर (खाचेत बसवलेली अडकडी काढण्या-घालण्याची पक्कड) तर जो गाडीचे बेअरिंग किंवा पंप कधी उघडत नाही त्याच्याकडे तेलकट कागदातच राहतो. माझ्या मते आठ इंची साधी पक्कड, सहा इंची नोज प्लायर (लांब निमुळत्या टोकाची पक्कड), सहा इंची साइड कटर (तारा कापणारी पक्कड) आणि दहा इंची वॉटर पंप प्लायर (जबडा सरकवून पाइपच्या जाडीप्रमाणे लावता येणारी पक्कड) एवढी चार अवजारे पुरतात; ग्रिप प्लायर (आवळल्यावर जागीच घट्ट अडकून राहणारी पक्कड) पाचवा, आणि तोही मुख्यतः कोपरे झिजलेला नट किंवा डोके तुटलेला बोल्ट निघत नसेल तेव्हासाठी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पकडीने नट फिरवणे. साध्या पकडीचे जबडे एका खिळीभोवती उघडत असल्यामुळे ते एकमेकांना समांतर राहत नाहीत, नटाच्या सपाट बाजूंऐवजी त्याच्या कोपऱ्यांवर दाब येतो, पक्कड घसरते आणि दोन-तीन प्रयत्नांत षट्कोनी नट गोल होतो. मग तिथे पानाही लागत नाही. नटासाठी पानाच घ्यावा.

वॉटर पंप प्लायर पाइपवरून घसरत असेल, तर अवजाराला दोष देण्यापूर्वी तो उलटा धरलेला नाही ना, हे पाहावे. जोर खालच्या, म्हणजे सरकणाऱ्या जबड्याच्या दिशेने दिला, की पकड आपोआप घट्ट होत जाते. नळाच्या चकचकीत मुलाम्यावर मात्र आधी फडके गुंडाळावे.

साइड कटरच्या पात्याला खाच पडली असेल, तर त्याने बहुधा सायकलचा आरा किंवा स्प्रिंगची तार कापलेली असते. तो तांब्याच्या आणि मऊ तारांसाठी आहे.

मुठीवरच्या प्लास्टिकवर विसंबून चालू विजेला हात लावणे ही चूक नव्हे, अविचार आहे. ते आवरण बहुतेक वेळा केवळ पकड सुखाची व्हावी म्हणून असते. विद्युतरोधक अवजारावर दोन त्रिकोणांचे चिन्ह आणि १००० व्होल्टचा उल्लेख कोरलेला असतो, आणि तो असला तरीही मेन स्विच आधी बंद करावा.

खरेदी करताना साइड कटर मिटून उजेडासमोर धरावा. पात्यांमधून फट दिसली किंवा खिळीपाशी जबडे आडवे हलले, तर तो नग परत ठेवावा.