हुरड्याला रॉक ऐकवायचाय? मग आधी पब्लिकचा आवाज ऐकवा

मागच्या वर्षी मंगळवेढा रोडला मित्राच्या शेतात हुरडा होता आणि मी मोठ्या हौसेनं रॉक गाण्यांची १९५४ पासूनची प्लेलिस्ट करून नेली होती, अमेरिकेच्या एल्विस प्रेस्लीपासून सुरू, सनावारीनं, एकदम शिस्तीत. चौथ्या गाण्याला एकजण म्हणला, काय लावलाय बे हे, हलगी लाव की. बरोबरच होतं त्याचं, शाळेतला इतिहास पण आपण असाच सनावळ्या पाठ करून विसरलो.

तर यंदा पद्धत बदलली आणि ती जमली, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे स्टुडिओत रेकॉर्ड केलेली गाणी घेऊच नका. लाइव्ह रेकॉर्डिंग घ्या, आणि त्यातही गाण्याच्या आधीचा आणि नंतरचा गोंधळ कापू नका, खरी मजा तिथंच आहे. पाच तुकडे बास, एकेक तीन-चार मिनिटांचा. घरूनच डाउनलोड करून न्या, शेतात रेंज नसते. आणि स्पीकर पत्र्याच्या शेडला टेकवू नका, बेसला सगळा पत्रा थरथरतो, आम्ही शेवटी पाटी पालथी घालून आगटीपासून लांब त्यावर ठेवला.

सुरुवात बीटल्सच्या, म्हणजे जॉन लेनन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघांच्या इंग्लिश बँडच्या शे स्टेडियमनं करा. न्यूयॉर्क, १५ ऑगस्ट १९६५, पंचावन्न हजारांवर पब्लिक. गाणं नीट ऐकूच येत नाही, नुसत्या पोरींच्या किंकाळ्या! तेव्हा स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायला आजच्यासारखे मॉनिटर नव्हते, त्यामुळं चौघांना आपण काय वाजवतोय ते धड कळत नव्हतं. गणपतीत दोन मंडळांच्या डॉल्बीच्या मधे उभं राहून कुणी गायला लागलं तर काय होईल, तसं. पुढच्याच वर्षी त्यांनी टूर करणं बंद केलं, हे तुकडा संपल्यावर सांगा, आधी नको.

मग अमेरिकन गायक बॉब डिलन. इथं जरा वेळ द्या. आधी थोडक्यात सांगा की हा माणूस एकटा, साध्या गिटारवर गाणारा, लोकगीतवाल्यांचा लाडका, आणि २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलला इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन उभा राहिला, म्हणजे भजनाला वीणा सोडून एकदम अँप (अँप्लिफायर) घेऊन आल्यासारखं. लोकांनी हुर्यो केली. ती गिटारसाठी होती, खराब साउंडसाठी होती की तीनच गाण्यात बँड आटोपला म्हणून, यावर अजून भांडणं चालतात. पण वाजवायला हे घेऊ नका, १७ मे १९६६ चं मँचेस्टर घ्या. दोन गाण्यांच्या मधे शांतता आहे आणि पब्लिकमधून एकजण ओरडतो, "जुडास!" आमच्यात कुणाला जुडास माहीत नव्हता, म्हणलं येशूला दगा देणारा, त्यांचा सूर्याजी पिसाळ. लगेच पेटली सगळ्यांची. डिलन म्हणतो तू खोटारडा आहेस, आणि बँडला दणक्यात वाजवायला सांगतो, मग ड्रमचा जो पहिला दणका येतो तिथं आवाज फुल करा. गंमत म्हणजे हे रेकॉर्डिंग कितीतरी वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून चोरून फिरत होतं, अधिकृत निघालं ते १९९८ ला.

तिसरा तुकडा घरच्या मोठ्यांसाठी. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी केलेला कार्यक्रम. सरोदला अली अकबर खाँ, तबल्याला अल्लारखाँ. वाद्यं जुळवतात, थांबतात आणि पब्लिक टाळ्यांचा कडकडाट करतं! पंडितजी हसून म्हणतात की जुळवणंच एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल. आमची आई शेंगाचटणी वाढत होती, ती आधीच म्हणली होती, "अजून जुळवतायत ना रे?" भजनाला बसणाऱ्या बाईला जे कळलं ते तिथल्या हजारो लोकांना कळलं नव्हतं.

चौथा तुकडा लाइव्ह एडचा, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमाचा, त्याबद्दल फार सांगावं लागत नाही, १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, क्वीन बँडची साधारण वीस-एकवीस मिनिटं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला बोर्डिंगात शिकला हे सांगितलं की सहलीला पाचगणीला गेलेले सगळे सरसावून बसतात. तो आलाप घेतो आणि अख्खं स्टेडियम तसाच परत म्हणतं, कीर्तनात बुवांच्या मागं म्हणतात तसंच. इथं आपल्या लोकांना म्हणू द्या, लाजतात आधी, मग थांबत नाहीत.

शेवटाला परत बीटल्स, पण गच्चीवरचे. ३० जानेवारी १९६९, लंडन, सॅव्हिल रो, ऑफिसची गच्ची, कडाक्याची थंडी, लेननच्या अंगात बायकोचा फरकोट. साधारण चाळीस मिनिटं वाजवलं आणि आवाजाच्या तक्रारी गेल्या म्हणून पोलीस वर आले. शे स्टेडियमनंतर हे ऐकवायचं कारण एवढंच की इथं टाळ्या अगदी मोजक्या आहेत, त्यात रिंगोच्या बायकोची एक, आणि पॉल तिचं नाव घेऊन थँक्स म्हणतो. मग लेनन म्हणतो, ऑडिशनमध्ये पास झालो असू अशी आशा आहे. चौघांचं लोकांसमोर एकत्र वाजवणं ते शेवटचंच.

हे चालू असतानाच शेजारच्या वस्तीवरचे काका बॅटरी घेऊन बांधावरून येताना दिसले, म्हणलं झालं, आपली पण तक्रार आली. पटकन आवाज कमी केला. काका आगटीजवळ बसले आणि म्हणले, हुरडा उरलाय का थोडा, आणि बंद का केलं बे?