हॅस्केलसाठी एडिटर लावताय? या चुका टाळा

हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलेल्या माणसाचा पहिला मेसेज मला आता पाठ झालाय. "ताई, कोड चालतोय, पण एडिटरमध्ये सगळं लाल दिसतंय." नाहीतर याच्या उलट: "काहीच दिसत नाही, माउस नेला की नुसतं लोडिंग." सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, ज्यात नेमकी एररची ओळ कापली गेलेली. कारणं फिरून फिरून तीच असतात, म्हणून एकदाची लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. व्हीएस कोड, ईमॅक्स, निओव्हिम या एडिटरांपैकी कुणालाही हॅस्केल कळत नाही. त्यांना कळतो एलएसपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१६ साली आणलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, एडिटरने भाषेच्या सर्व्हरशी बोलायची ठरलेली रीत. हॅस्केल कळतं ते पलीकडे चालणाऱ्या हॅस्केल लँग्वेज सर्व्हरला, म्हणजे एचएलएसला. आधीचे दोन प्रकल्प एकत्र करून २०२० मध्ये त्याचं काम सुरू झालं. या एचएलएसच्या पोटात जीएचसी, म्हणजे हॅस्केलचा अख्खा कंपायलर असतो, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

"लेटेस्ट" टाकलं की झालं

नाही झालं. एचएलएसची बायनरी ज्या जीएचसीने बांधलेली असते, तुमचा प्रोजेक्टही त्याच जीएचसीचा असावा लागतो. आवृत्तीचा शेवटचा आकडासुद्धा जुळावा लागतो. नवा जीएचसी आला की त्याला जोडीचा एचएलएस यायला वेळ लागतो, आणि "नवं ते चांगलं" म्हणणारे बरोबर त्या मधल्या काळात अडकतात.

ओळखीतला एक मुलगा. जावास्क्रिप्टमध्ये चांगला मुरलेला, त्यामुळे सवयीने सगळ्यात ताजा जीएचसी टाकून मोकळा झाला. टर्मिनलमध्ये 'कबाल बिल्ड' (कबाल म्हणजे हॅस्केलचे प्रोजेक्ट बांधायचं टूल) झकास, एडिटर मात्र ढिम्म. त्याने एक्स्टेन्शन काढून परत घातलं. मग व्हीएस कोडच काढून परत घातला. मग गिटहबवरून कुणाची तरी निओव्हिमची अख्खी कॉन्फिग उचलली, ती चालेना म्हणून ईमॅक्सवर उडी मारली. दुखणं सगळीकडे तेच, कारण पलीकडचा सर्व्हर तोच. माझ्याकडे आला तोवर त्याचं ठाम मत झालं होतं की हॅस्केलचं टूलिंगच भिकार आहे. मी म्हणाले, व्हीएस कोडमध्ये आउटपुट पॅनल उघड, उजवीकडच्या यादीतून हॅस्केल निवड आणि जे दिसतंय ते मोठ्याने वाच. वाचता वाचता तो मध्येच थांबला. या जीएचसीसाठी एचएलएस उपलब्ध नाही, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं, आणि पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. "लॉग वाच" म्हटलं की लोकांना टाळल्यासारखं का वाटतं, कुणास ठाऊक.

माझी पद्धत साधी आहे. जीएचसीअप हे हॅस्केलची सगळी साधनं टाकायचं टूल; टर्मिनलमध्ये 'जीएचसीअप टीयूआय' चालवायचं आणि यादीत ज्या जीएचसीपुढे 'एचएलएस-पॉवर्ड' दिसेल तोच घ्यायचा. त्यातही 'रेकमेंडेड' असेल तर डोळे झाकून. 'लेटेस्ट' हे लायब्ऱ्या सांभाळणाऱ्यांसाठी असतं, पहिल्या आठवड्यात 'मॅप' आणि 'फोल्ड' शिकणाऱ्यांसाठी नाही. मग प्रोजेक्टच्या 'कबाल.प्रोजेक्ट' फाइलमध्ये 'विथ-कंपायलर' लिहून आवृत्ती बांधून टाकायची, म्हणजे उद्या मशीनवर दुसरा जीएचसी आला तरी हा प्रोजेक्ट हलत नाही.

आणि हो, उबुंटूवर 'एपीटी'ने टाकलेला जीएचसी पडून असेल तर तो काढा. एका मशीनवर एकाच दुकानाचा माल ठेवा.

टर्मिनलमध्ये चालतं, आयकॉनवरून चालत नाही

हे मुख्यतः मॅकवरच्या ईमॅक्सवाल्यांचं. डॉकमधून उघडलेल्या ईमॅक्सला तुमच्या शेलमधला 'पाथ', म्हणजे प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी, मिळत नाही, त्यामुळे जीएचसीअपच्या फोल्डरमधला एचएलएस त्याला सापडत नाही. 'एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल' हे पॅकेज टाका, विषय संपला. ईमॅक्स २९ पासून 'एग्लॉट' हा एलएसपी क्लायंट आतच येतो, तेव्हा नवशिक्यांनी दुसरा एलएसपी क्लायंट शोधत फिरू नये.

निओव्हिमवाल्यांनो, 'हॅस्केल-टूल्स' हे प्लगइन टाकलं असेल तर 'एलएसपीकॉन्फिग'मध्ये परत एचएलएस लावू नका. दोन सर्व्हर उठतात, प्रत्येक एरर दोनदा दिसते आणि तुम्ही मला विचारता की कोड दुप्पट चुकलाय का.

फाइल उघडू नका, फोल्डर उघडा. ज्यात '.कबाल' फाइल आहे तोच फोल्डर, त्याच्या वरचा नाही.

नवं मोड्यूल बनवलं की '.कबाल' फाइलच्या 'अदर-मोड्यूल्स'मध्ये त्याचं नाव घाला. 'डेटा.मॅप' इम्पोर्ट करताना लाल रेघ आली आणि एररमध्ये 'हिडन पॅकेज' दिसलं, तर '.कबाल' फाइलच्या 'बिल्ड-डिपेंड्स'मध्ये 'कंटेनर्स' हे पॅकेज लिहायचं राहिलंय. यात एडिटरचा काडीचाही दोष नाही, तरी सगळ्यात जास्त शिव्या तोच खातो.

टॅब, स्पेस आणि आपली देवनागरी

हॅस्केलमध्ये ओळ कुठल्या कॉलमला सुरू होते यावर तिचा अर्थ ठरतो. भाषेच्या रिपोर्टनुसार टॅब पुढच्या ८ च्या टप्प्यापर्यंत नेतो. तुमचा एडिटर टॅब ४ चा दाखवतो. आता एकाच 'डू'खाली पहिली ओळ टॅबने आणि दुसरी चार स्पेसने लिहा. स्क्रीनवर दोन्ही एका रेषेत. कंपायलरच्या हिशोबात पहिली ९व्या कॉलमला आणि दुसरी ५व्या, म्हणजे दुसरी ओळ ब्लॉकच्या बाहेर पडली. मग पार्स एरर येते आणि माणूस त्या ओळीतले कंस मोजत बसतो. जीएचसी टॅब दिसला की आपणहून वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग पिवळी असते आणि पिवळं काही वाचायचंच नाही अशी शपथ घेतल्यासारखे लोक वागतात. एडिटरमध्ये 'टॅबऐवजी स्पेस' चालू करा आणि कोऱ्या जागा ठिपक्यांनी दाखवायची सोयही. दिसायला गचाळ दिसतं, दिसू दे.

याचीच मराठी आवृत्ती इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. कोडमध्ये "नमस्कार" ही स्ट्रिंग लिहिली, त्याच ओळीवर पुढे 'डू' लिहून पहिलं विधान तिथेच सुरू केलं आणि दुसरं विधान खाली डोळ्यांनी जुळवून टाकलं. नमस्कारमध्ये आपल्याला न, म, स्का, र अशी चार अक्षरं दिसतात. कंपायलर मोजतो सात, कारण हलन्त आणि काना त्याच्यासाठी वेगळे. म्हणजे स्क्रीनवर रेषेत दिसणारं दुसरं विधान त्याच्या हिशोबात डावीकडे सरकलेलं असतं आणि ब्लॉक तिथेच बंद होतो. एका मुलीने यावर अख्खी संध्याकाळ घालवली होती. स्ट्रिंग इंग्रजीत केली की चालायचं, मराठीत केली की मोडायचं, त्यामुळे हॅस्केलला मराठी चालत नाही असा तिने निष्कर्ष काढला. चालतं. 'डू', 'ऑफ', 'लेट', 'व्हेअर' यांच्यानंतर एंटर मारायचा आणि खालच्या ओळीवर दोन स्पेस देऊन सुरुवात करायची. मी इंग्रजी कोडमध्येही हेच करते. सुंदर रांगा लावण्याची हौस एक्सेलमध्ये भागवावी.

'प्रिंट'ने मराठी स्ट्रिंग छापली आणि २३५०, २३५२ असे आकडे आले तर घाबरू नका, 'प्रिंट' आधी 'शो' करतं, आणि 'शो' देवनागरी अक्षरांचे आकडे करून टाकतं, म्हणून तसं होतं. 'पुटस्ट्रएलएन' वापरा. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये त्याआधी 'सीएचसीपी ६५००१' द्यावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून कोड चिकटवू नका. अवतरणचिन्हं वाकडी येतात आणि कंपायलर ८२२० नंबरच्या कॅरेक्टरबद्दल तक्रार करतो.

फिरा कोडसारखे लिगेचरवाले, म्हणजे दोन-तीन चिन्हं जोडून एकच दाखवणारे फॉन्ट पहिले काही महिने नकोत. "हा बाण कीबोर्डवर कुठे आहे?" याचं उत्तर देऊन मी थकले आहे. तो `-` आणि `>` आहे.

दुसऱ्याच्या रिपॉझिटरीत 'फॉरमॅट ऑन सेव्ह' चालू ठेवून ऑर्मोलू हा फॉरमॅटर फिरवू नका. एक ओळ बदलायला गेलात आणि सगळी फाइल बदललेली पाठवलीत, तर रिव्ह्यू करणारा माणूस तुमच्याशी पुन्हा नीट बोलणार नाही. मी फॉरमॅटर हाताने चालवते, तोही कमिटच्या आधी.

धीर नाही

प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडल्यावर एचएलएस डिपेंडन्सी, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ऱ्या, बांधत असतो. त्याला काही मिनिटं लागतात, कधी चहा होईपर्यंत. लोक मिनिटभर थांबतात, 'रीस्टार्ट सर्व्हर' दाबतात, काम परत पहिल्यापासून सुरू होतं, मग परत दाबतात. एडिटर उघडायच्या आधी टर्मिनलमध्ये एकदा 'कबाल बिल्ड' करून घ्या. तिथे बिल्ड होत नसेल तर एडिटर उघडण्यात अर्थच नाही, आणि झालं तर बांधलेल्या डिपेंडन्सी एचएलएसला आयत्या मिळतात.

लॅपटॉपची मेमरी ४ जीबी असेल तर मात्र एचएलएसचा नाद सोडा, मोठ्या प्रोजेक्टवर तो एकटाच तेवढी खातो. नील मिचेल यांचं 'जीएचसीआयडी' नावाचं छोटं टूल आहे. एका टर्मिनलमध्ये ते चालू ठेवा, शेजारी हवा तो एडिटर. फाइल सेव्ह केली की ते पुन्हा लोड करतं आणि पहिली एरर वर दाखवतं. टाइप सुचत नसेल तर त्या जागी `_` टाकून सेव्ह करा, तिथे कुठला टाइप हवाय ते कंपायलर सांगतो. माझ्या मोठ्या मशीनवरही शेजारच्या खिडकीत तेच चालू असतं, आणि एचएलएस रुसला तरी काम अडत नाही.