कराडात परवडणारी खोली शोधताना

मी शिवणकाम करते. नऊ वर्षांत कराड-मलकापुरात चार खोल्या बदलल्या. आता ओळखीच्या बायका खोली बघायला मला सोबत नेतात, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पाच हजारांच्या आत खोली हवी असेल तर मोबाईलवर शोधू नका. तिथे दिसतात ते फ्लॅट. आपल्याला परवडते ती कुणाच्या तरी घराची मागची बाजू, नाहीतर माडीवरची एक खोली आणि पुढे पत्र्याचं स्वयंपाकघर. तिची जाहिरात कुणी करत नाही. खोली रिकामी होणार हे आधी कळतं ते किराणावाल्याला, दूधवाल्याला. माझी आताची खोली मला पिठाच्या गिरणीत कळली. दळणाला थांबलेल्या एका काकूंचे भाडेकरू महिनाअखेरीस जाणार होते. त्याच संध्याकाळी मी मुलीला घेऊन गेले. मुलंबाळं सोबत दिसली की मालकिणीला आपला अंदाज येतो.

विद्यानगर-सैदापूरला कॉलेजची मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार मुलं ठेवली की मालकाला कुटुंबापेक्षा जास्त मिळतात, तिथे आपला निभाव लागत नाही. आगाशिवनगरला हॉस्पिटलमुळे मागणी असते. ओगलेवाडीकडे भाडं उतरतं, पण वडापचा, म्हणजे शेअर जीपचा, खर्च धरा. जाऊन-येऊन चाळीस रुपये लागले तर सव्वीस दिवसांचे १०४० होतात. सातशे रुपयांनी स्वस्त खोली अशी महाग पडते.

पाण्याचं मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. मलकापुरात नगरपरिषदेची मीटरवर चोवीस तास पाण्याची योजना आहे. बाकी ठिकाणी पाणी किती वाजता येतं, माडीवर चढतं का, हे तीच खरं सांगेल. नदीकडेची खोली असेल तर २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं तेही तिलाच विचारा.

लाईट बिलात मी स्वतः फसले. दुसऱ्या खोलीत तीन बिऱ्हाडांना एकच मीटर होता. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटच्या पुढे एकदम चढतो. तिघांचं मिळून बिल वरच्या दरात जायचं आणि माझा एक पंखा, दोन दिवे आणि मशीन यांनाही तोच दर लागायचा. दोन वर्षं मी ते मुकाट्याने भरलं. स्वतंत्र मीटर असलेल्या खोलीला दोनशे रुपये भाडं जास्त द्यावं लागलं तरी द्या, आणि मागचं एक बिल बघायला मागा.

आता करार. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं, असं सगळे म्हणतात. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. चार हजार भाडं आणि पंधरा हजार डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांचं शुल्क दीडशेच्या आत बसतं; नोंदणी फी शहरात १००० रुपये. मालक कुरकुरले तर अर्धा खर्च मी देते म्हणायचं. मुलांना आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्काच्या राखीव जागेवर, खाजगी शाळेत घालायचं असेल तर भाडेकरूंचा नोंदणीकृत करारच चालतो. माझ्या मुलीच्या वेळी माझ्याकडे नुसती नोटरी होती. तिचा अर्ज त्यावरच बाद झाला. ते वर्ष मला अजून सलतं, म्हणून प्रत्येकीला हे आधी सांगते.

डिपॉझिट रोख दिलंत तर करारातच आकडा लिहून घ्या. चावी हातात पडली की मालकांच्या देखत मीटरच्या आकड्याचा, ओल आलेल्या भिंतीचा आणि फुटक्या फरशीचा फोटो काढा आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांना व्हॉट्सॲप करा.