वारंवार अर्धशिशी उठत असेल, तर आधी दिवस मोजा

महिन्यातून एखाद्या वेळी डोकं ठणकलं, तर एक गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहिलं की भागतं. आठवड्यातून दोन-तीनदा ते होऊ लागलं की हिशेब बदलतो. मायग्रेनचे, म्हणजेच अर्धशिशीचे, उपचार दोन आहेत: सुरू झालेला ॲटॅक थांबवणारा आणि मुळात ॲटॅकची संख्याच कमी करणारा. बहुतेक जण फक्त पहिल्यावर वर्षानुवर्षं काढतात आणि दुसरा असतो हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पहिलं काम: हे मायग्रेनच आहे ना?

औषध न घेतल्यास मायग्रेनचा ॲटॅक साधारण 4 ते 72 तास टिकतो. डोकं बहुधा एका बाजूला, नाडीच्या ठोक्यासारखं ठणकतं. जिना चढलं तरी वाढतं. मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसे होतात. काहींना आधी 5 ते 60 मिनिटं डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात. उलटी झाली म्हणून ‘ॲसिडिटी’ आणि नाक चोंदलं म्हणून ‘सायनस’ असं स्वतःच ठरवून भलतेच उपचार करणारे पुष्कळ असतात. मळमळ आणि नाक चोंदणं ही मायग्रेनचीच लक्षणं असू शकतात. निदान मुख्यतः डॉक्टर नीट प्रश्न विचारून करतात. नेहमीच्याच स्वरूपाचं दुखणं असेल आणि तपासणीत काही वावगं आढळलं नाही, तर एमआरआय सहसा लागत नाही.

पण काही दुखणी थांबून पाहण्यातली नसतात. क्षणार्धात कमाल तीव्रतेला पोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं: यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, खोकताना उसळणारी किंवा गरोदरपणात नव्याने आलेली डोकेदुखीही लवकर दाखवावी.

दुसरं काम: दोन महिन्यांची नोंद

वही, कॅलेंडर, मोबाइल, काहीही चालेल. रोज तीनच गोष्टी लिहा: डोकं दुखलं का आणि किती (0 ते 10), कोणती गोळी घेतली, काम बुडालं का. स्त्रियांनी पाळीच्या तारखा लिहाव्यात. काही जणी पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच आजारी पडतात आणि त्यांच्यासाठी तेवढ्याच दिवसांपुरता प्रतिबंधक उपाय करता येतो. वीस रकान्यांचा तक्ता आखू नका, आठवडाभरात कंटाळाल.

कारणं शोधण्याच्या नादी फार लागू नका, असं माझं मत आहे. ॲटॅकच्या काही तास, कधी दिवसभर आधीच मेंदूत घडामोडी सुरू झालेल्या असतात. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. मग माणूस चॉकलेट खातो, संध्याकाळी डोकं चढतं आणि दोष चॉकलेटला जातो. खरं तर ती खाण्याची इच्छाच ॲटॅकची सुरुवात असू शकते. मानेचंही तसंच, ‘उशीमुळे दुखलं’ म्हणून माणसं उशा बदलत राहतात. एखादी गोष्ट बहुतेक वेळा अडचणीत आणते असं नोंदीतच दिसलं, तर ती टाळा. एकेक पदार्थ बंद करत ताट रिकामं करण्यात अर्थ नाही. उपाशी राहणं हेच अनेकांना जास्त बाधतं.

तिसरं काम: गोळ्यांचे दिवस मोजा

नोंदीतला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान, अर्गोट (दोन्ही मायग्रेनचा ॲटॅक थांबवणारी औषधं), ओपिऑइड (अफूच्या वर्गातली वेदनाशामकं) आणि एकाहून अधिक घटक असलेल्या मिश्र वेदनाशामक गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधामुळेच डोकेदुखी होऊ लागते. यात गोळ्यांची संख्या नव्हे, दिवस मोजतात. म्हणून आठवड्यात दोन दिवसांची मर्यादा पाळणं बरं.

मर्यादा आधीच ओलांडली असेल, तर डॉक्टरांशी बोलून गोळ्या थांबवाव्या लागतात. साध्या गोळ्या आणि ट्रिप्टान बहुधा एकदम बंद करता येतात. ओपिऑइड किंवा झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने अचानक सोडू नयेत. सुरुवातीचे काही दिवस डोकं अधिकच दुखतं, आणि नेमकं तिथेच बरेच जण धीर सोडतात. त्या आठवड्यात महत्त्वाची कामं ठेवू नका.

चौथं काम: ॲटॅकचा बेत आधीच ठरवा

‘बघू, थांबेल आपोआप’ म्हणत तीन तास काढले की गोळी निष्प्रभ ठरते. ॲटॅकमध्ये जठराची हालचाल मंदावते आणि औषध रक्तात उशिरा पोचतं. म्हणून दुखणं सौम्य असतानाच, पूर्ण मात्रेत घ्यावं. प्रौढांसाठी आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम किंवा नेप्रोक्सेन 500 मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा. जठराचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन नको. मळमळ असेल तर उलटीवरचं औषध सोबत मागून घ्या.

एवढ्याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही ट्रिप्टान गटातली औषधं आहेत. ऑरा चालू असताना नव्हे, डोकं दुखू लागताच ती घ्यायची. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती चालत नाहीत. गोळी पोटात टिकतच नसेल, तर नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शन हा पर्याय असतो.

पाचवं काम: प्रतिबंधक औषधाचा विषय स्वतः काढा

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील, किंवा थोडेच पण पूर्ण आडवे पाडणारे असतील, तर डॉक्टरांना सरळ विचारा: ‘रोज घ्यायचं औषध मला लागेल का?’ सोबत नोंदवही न्या. तिने अर्धं काम होतं.

औषध सोबतच्या तक्रारी पाहून निवडलं जातं. रक्तदाब जास्त असेल तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कँडेसार्टन, पण दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल नको. झोप लागत नसेल तर अमिट्रिप्टिलिन. टोपिरामेटने वजन घटू शकतं, फ्लुनारिझिनने वाढू शकतं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतात, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी हा विषय आधी काढावा. ऑरा असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलही विचारावं, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यात धूम्रपान असेल तर आणखीच.

मात्रा कमीपासून हळूहळू वाढवतात आणि पूर्ण मात्रेवर 8 ते 12 आठवडे गेल्याशिवाय निकाल लावत नाहीत. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून औषध टाकून देणं हीच सगळ्यात सामान्य फसगत. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी औषध लागू पडलं असं मानतात.

महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यातले किमान 8 मायग्रेनचे असतील आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर तो दीर्घकालीन मायग्रेन. त्यात दर 12 आठवड्यांनी बोट्युलिनम टॉक्सिनची (बोटॉक्स) इंजेक्शनं देतात. 2018 पासून सीजीआरपी या प्रथिनाचं काम रोखणारी इंजेक्शनंही आली आहेत. ही औषधं खास मायग्रेनसाठी तयार झाली, महाग आहेत, पण अनेकांना सोसतात. रायबोफ्लेव्हिन (जीवनसत्त्व बी2, रोज 400 मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियम यांचा काहींना थोडा उपयोग होतो.

सहावं काम: दिनक्रम

सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळी उठा, जेवण चुकवू नका, आठवड्यातून तीनदा अर्धा तास दमसास लागेल असा व्यायाम करा. चहा-कॉफी रोज ठरावीक आणि मोजकीच ठेवा, कारण ती अचानक बंद केली तरी डोकं दुखतं. ताणामुळे ॲटॅक येत असतील तर बायोफीडबॅक (यंत्रावर शरीराचे संकेत पाहत ताण सैल करण्याचं तंत्र) आणि संज्ञानात्मक वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) शिकून घेण्यासारखे आहेत.

सहा ते बारा महिने बरे गेले, की डॉक्टर प्रतिबंधक औषध हळूहळू कमी करून पाहतात. त्या काळातही नोंद चालू ठेवा. दिवस पुन्हा वाढू लागले तर तेच औषध परत सुरू करता येतं.