'ऑन द कार्ड्स' कधी आणि कसं म्हणावं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पारावर, ओट्यावर पत्त्यांचे डाव रंगतात. त्याच दिवशी घरात घागर पुजली जाते. काही घरांत घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. घागर पाझरते आणि जे ढेकूळ जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस चांगला, असा अंदाज बांधतात. आजी ढेकूळ बोटांनी दाबून बघते आणि म्हणते, "आषाढमा पानी पडी असं दिखस."

'ऑन द कार्ड्स' हा इंग्रजी वाक्प्रचार समजायला अहिराणीतलं हे 'दिखस', म्हणजे 'दिसतंय', पुरेसं आहे. घडलेलं नाही, ठरलेलंही नाही, पण घडण्याची चिन्हं दिसताहेत. फक्त इथले पत्ते डावाचे नव्हेत, भविष्य सांगणाऱ्याने मांडलेले. पानं मांडून पुढचं सांगायची रीत युरोपात होती, तिच्यावरून हा वाक्प्रचार आला असं मानतात. ब्रिटिश 'ऑन द कार्ड्स' म्हणतात, अमेरिकन 'इन द कार्ड्स'. आपण 'ऑन' धरून चालावं, आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत तेच असतं.

पहिली पायरी: आधी चिन्ह शोधा

जूनचा पहिला आठवडा, भुसावळात अंगाची लाही होतेय, वारा पडलाय आणि दुपारनंतर सातपुड्यावर ढग दाटलेत. आता खुशाल म्हणा, 'रेन इज ऑन द कार्ड्स.' आभाळ निरभ्र असताना नुसती पावसाची आस लागली असेल, तर ते 'आय होप इट रेन्स'.

दुसऱ्या टोकालाही जपायला हवं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, दोन्ही घरं राजी दिसतात, तोवर लग्न ऑन द कार्ड्स. सुपारी फुटली, पत्रिका छापल्या, की ते ठरलं. तिथे हा वाक्प्रचार वापरला तर ऐकणाऱ्याला वाटेल, अजून काही नक्की नाही.

हा फरक पैशाच्या व्यवहारात फार महत्त्वाचा. रावेरकडच्या माझ्या ओळखीच्या एका केळी बागायतदाराला व्यापाऱ्याने लिहिलं होतं, 'युवर पेमेंट इज ऑन द कार्ड्स.' व्यापाऱ्याला म्हणायचं होतं, पैसे सोमवारी येतील. बागायतदाराने वाचलं, पैसे बहुधा येतील. दोन दिवस तो माणूस काळजीत होता. तारीख ठरली असेल तर सरळ तारीख लिहावी.

दुसरी पायरी: वाक्य बसवा

आधी घडणारी गोष्ट, मग 'इज' किंवा 'आर', मग 'ऑन द कार्ड्स'. ती गोष्ट नामाच्या रूपात हवी. 'भाव वाढतील' हे 'प्राइसेस विल राइज ऑन द कार्ड्स' असं होत नाही. 'अ प्राइस राइज इज ऑन द कार्ड्स' असं होतं. 'द' गाळू नका, 'कार्ड' एकवचनी करू नका. मथळ्यात जागेपायी कधी 'द' गळतो, तो बोलण्यात उचलू नये.

तिसरी पायरी: जोर कमी-जास्त करा

चिन्हं ठळक असतील तर 'व्हेरी मच ऑन द कार्ड्स'. अंधुक असतील तर 'कुड बी ऑन द कार्ड्स'. काहीच चिन्ह नसेल तर 'नॉट ऑन द कार्ड्स'. भूतकाळात 'इट वॉज ऑन द कार्ड्स' म्हटलं की अर्थ होतो, हे होणार असं दिसतच होतं.

गप्पांत, बातमीत, मित्राच्या मेसेजमध्ये हे छान बसतं. सरकारी अर्जात किंवा करारात मात्र 'लाइकली' हा साधा शब्द बरा. आणि 'कार्ड्स ऑन द टेबल' याच्याशी गल्लत नको. त्याचा अर्थ मनातलं उघड करून बोलणं.

सरावासाठी दिवसभरात ज्या ज्या वाक्याला तुम्ही 'दिखस' लावाल, ते इंग्रजीत करून बघा. "कापसाना भाव वाढी असं दिखस": 'अ राइज इन कॉटन प्राइसेस इज ऑन द कार्ड्स.'