आयईएलटीएसचं स्पीकिंग: पाठ करून जाल तर अडकाल

आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिक्षण-नोकरीसाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. तिच्या स्पीकिंगच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, सरावाला सांगलीचा एक मुलगा समोर बसला होता. विचारलं, तुझं गाव कसं आहे? त्याने छताकडे बघत सुरुवात केली, ‘माय नेटिव्ह प्लेस इज ब्लेस्ड विथ सीनिक ब्यूटी...’ वीस सेकंद गाडी सुसाट. मग मी एवढंच विचारलं, ‘व्हाय डू यू लाइक इट?’ गाडी जागेवर बंद. पुराचं पाणी बघायला आयर्विन पुलाजवळ जमणारी गर्दी, घरचं भडंग, यातलं काहीच त्याला आठवेना, कारण ते पाठांतरात नव्हतं. नंतर चहा पिताना मात्र हेच सगळं तो मोडक्या इंग्रजीत झकास सांगत होता. परीक्षेत बोलायचं ते हे.

स्पीकिंग तीन भागांचं, ११ ते १४ मिनिटांचं असतं आणि समोर माणूस बसलेला असतो. पाठ केलेलं उत्तर त्याच्या लगेच लक्षात येतं. लय एकसुरी होते, आणि पुढच्या साध्या प्रश्नाला इंग्रजी अचानक दोन इयत्ता खाली उतरतं. गुण चार गोष्टींना सारखेच मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. ‘प्लेथोरा’सारखा एखादा भारी शब्द कोंबून चारांपैकी एकही फारसा हलत नाही. उत्तर खरं असण्याचेही गुण नाहीत. भाऊ नसेल तर खुशाल बनवा, फक्त पुढच्या प्रश्नाला तो टिकला पाहिजे.

सगळ्यात जास्त पडझड दुसऱ्या भागात होते. विषयाचं कार्ड मिळतं, तयारीला १ मिनिट आणि कागद-पेन्सिल, मग १ ते २ मिनिटं एकट्याने बोलायचं. मुलं त्या मिनिटात पूर्ण वाक्यं लिहायला घेतात. दीड वाक्य होतं, वेळ संपते, आणि बोलताना नजर त्या दीड वाक्यालाच चिकटून राहते. वाक्यं नकोत, फक्त खुंट्या ठोका. ‘तुमच्यावर प्रभाव असलेली व्यक्ती’ आली तर कागदावर एवढंच: आजी, पहाटे ४, शेण-सडा, पोस्टाचं पासबुक, रागावली तो दिवस. प्रत्येक खुंटीला तीन-चार वाक्यं आपसूक टांगली जातात. ‘रागावली तो दिवस’ मुद्दाम शेवटी ठेवा. गोष्ट असली की दोन मिनिटं कमी पडतात.

गोष्ट सांगताना एक खास मराठी चूक होते. आपण बोलताना ‘मग काका येतात आणि म्हणतात’ असा घडून गेलेला प्रसंगही वर्तमानकाळात रंगवतो. तेच इंग्रजीत उतरतं: ‘लास्ट इयर वी वेंट टू रायगड. देन माय अंकल कम्स अँड सेज...’ ऐकणाऱ्याला काळ सांभाळता येत नाही असंच वाटणार. मोबाइलवर एक प्रसंग रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त क्रियापदं मोजा. किती ठिकाणी घसरलात ते तुमचं तुम्हालाच कळेल. (स्वतःचा आवाज ऐकायची लाज पहिले दोन दिवस वाटते, मग जाते.) ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ आणि ‘डिस्कस अबाउट’ या चुकांनाही तिथेच पकडा.

उच्चारासाठी अमेरिकन ढब आणायची गरज नाही. उसनी ढब तिसऱ्या मिनिटाला गळून पडते आणि मग दोन माणसं बोलल्यासारखं वाटतं. व्ही आणि डब्ल्यूचा फरक तर आपल्या लिहिण्यातच आहे: व्हॅन आणि वॉटर. तो तोंडातही येऊ द्या. खरी अडचण आघाताची. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने म्हणतो, तर इंग्रजीत ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर येतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटॉग्राफर’मध्ये दुसऱ्यावर सरकतो. नवा शब्द वहीत उतरवताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

तिसऱ्या भागात प्रश्न दुसऱ्या भागाच्याच विषयाला धरून येतात, पण समाजाबद्दल असतात. वृद्धांची काळजी कोणी घ्यावी, असं विचारलं तर पुन्हा ‘माय ग्रँडमदर’ सुरू करू नका. आधी मत, मग कारण. आजी उदाहरणापुरती.

आणि ऐन वेळी अडलात तर? प्रश्न ऐकू आला नाही तर सरळ ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ म्हणा. अंदाजाने भलतंच बोलण्यापेक्षा ते कधीही बरं. शब्द आठवला नाही तर वळसा घाला. ‘चाळणी’चं इंग्रजी सुचत नसेल तर पीठ चाळायची भोकांची वस्तू असं सांगा, त्यालाही किंमत आहे. चूक झाल्यावर एकदा सुधारा आणि पुढे चला. प्रत्येक वाक्यानंतर ‘सॉरी’ म्हणणाऱ्याचा ओघच उरत नाही. परीक्षकाने मध्येच तोडलं तर दचकू नका. त्याच्यापुढे घड्याळ असतं, आणि दुसऱ्या भागात दोन मिनिटं झाली की तो थांबवतोच. सांगलीच्या त्या मुलाला हे आधी सांगितलं नव्हतं. सरावात मी ‘थँक यू’ म्हणताच त्याचा चेहरा पडला, आणि तेव्हा तर तो पहिल्यांदाच रंगात आला होता.